तात्यांच्या दशा

माणसाला खुर्ची सोडवत नाही, यात जीवशास्त्राचा काडीचाही दोष नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. दोष असलाच तर मराठी भाषेचा आहे, आणि थोडा कोल्हापूरकरांच्या घशाचा.

माझं नाव भैरवी. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांचं काय होतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. शेवटाचा अभ्यास करणाऱ्या बाईला याहून चपखल नाव मिळणार नाही, असं माझे गाईड म्हणायचे. उत्कर्षमार्ग शिक्षण प्रसारक मंडळाच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तास सुरू असेपर्यंत मी प्राध्यापक, घंटा झाली की रस्त्यावरची बाई. मे महिन्यात तर संस्था मला ओळखायचीही नाही. विभाग विनाअनुदानित, त्यामुळे सरकारने हात झटकलेले. मला कायम करायचं की नाही, हे सर्वस्वी एका माणसाच्या मर्जीवर होतं.

माझ्या सासूबाई नव्या शेजारणीला सांगायच्या, "आमची सून कॉलेजात जाती." समोरच्या घरातली सून बँकेत होती. तिच्याबद्दल मात्र त्या म्हणायच्या, "ती बँकेत हाय." सासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, मराठी व्याकरण त्यांना बरोबर कळत होतं इतकंच. बेचाळिशी आली तरी मी आपली जातच होते. मला कॉलेजात असायचं होतं. लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक पाहुणा जेवलात का विचारायच्या आधी "कायम झाला का?" असं विचारायचा, आणि मी दरवर्षी "होईल यंदा" म्हणत पुढच्या पंगतीत जाऊन बसायचे.

ज्यांच्या मर्जीवर हे होतं ते तात्या, आमचे चेअरमन. रोज सकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून पिणारे, तालमीत वाढलेले, मान आणि मत दोन्ही कधी न वळणारे गृहस्थ. संस्थेच्या घटनेत एक कलम होतं की पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला पदावर राहता येणार नाही. ते कलम तात्यांनीच आणलेलं. ज्यांनी बोट धरून तात्यांना संस्थेत आणलं, त्या आधीच्या चेअरमनना घरी पाठवायला त्याचा फार उपयोग झाला. नव्या रक्ताला वाव मिळाला पाहिजे, असं तात्या त्या वेळी भर सभेत म्हणाले होते. आता ते नवं रक्त स्वतःच पंच्याहत्तरीला टेकलं होतं.

शेजारच्या खुर्चीत व्हाइस चेअरमन मल्लाप्पा. कुरुंदवाडचे, सधन, पत्रिका दाखवल्याशिवाय ट्रॅक्टरही न घेणारे. मोठ्या खुर्चीकडे पाहून पाहून त्यांची मान एका बाजूला कलली आहे, असं स्टाफरूममध्ये बोललं जायचं. तात्यांच्या वाढदिवसाची तात्यांच्या घरात नसेल इतकी ओढ मल्लाप्पांना लागली होती.

अशात आमच्या व्याख्यानमालेचा एक वक्ता ऐनवेळी आला नाही आणि मला उभं करण्यात आलं. समोर सगळं संचालक मंडळ. मी टेलोमेर हा शब्द उच्चारला आणि पहिल्या रांगेत जांभई सुरू झाली, ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली. मग मला घरातला शब्द आठवला. माझी आई साड्यांच्या पदराला गोंडे करून द्यायची. पदराच्या टोकाला न विणलेले मोकळे धागे असतात, त्यांना ती दशा म्हणायची. एक दशी, अनेक दशा. मी म्हटलं, गुणसूत्राच्या टोकालाही अशा दशा असतात.

सभागृह जागं झालं. मलाही चेव आला. मी सांगितलं की पेशी दुभंगताना गुणसूत्राची नक्कल काढते, पण नक्कल काढणाऱ्या यंत्राला अगदी शेवटचा तुकडा उतरवता येत नाही. झेरॉक्स काढताना पानाची खालची ओळ कापली जाते, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली की आणखी एक ओळ जाते, तसंच. म्हणून निसर्गाने टोकाला कामाचा मजकूर ठेवलेलाच नाही. तीच ती सहा अक्षरं तिथे हजारो वेळा लिहिलेली असतात, आमच्या कार्यक्रमातल्या प्रास्ताविकासारखी. कितीही कापली तरी कुणाचं काही अडत नाही. यावर पोरं हसली आणि प्रास्ताविक करणारे सर हसले नाहीत.

पुढे सांगितलं की ही टोकं उघडी पडली तर पेशीला वाटतं, धागा तुटला. ती दुरुस्तीला धावते आणि भलत्याच दोन गुणसूत्रांना एकमेकांत शिवून टाकते. म्हणून टोक मागे दुमडून आत खोचलेलं असतं आणि प्रथिनं त्याच्यावर पहारा देत बसतात. तरी दर दुभंगाला दशा थोड्या आखूड होतात, आणि फारच आखूड झाल्या की पेशी दुभंगायचं थांबवते. अंडपेशी-शुक्रपेशी तयार होतात तिथे आणि आणखी काही थोड्या ठिकाणी मात्र एक एन्झाइम कापलेल्या दशा पुन्हा विणत असतं.

प्रश्नोत्तरांत मल्लाप्पांनी विचारलं, यात शनीचं काय? मला वाटलं, गंमत करतायत. मी हसून सोडून दिलं, आणि तिथेच चुकलं. तात्यांनी विचारलं, या दशा मोजता येतात का? मी म्हटलं, येतात. तात्यांनी मागे वळून आपल्या नातवाकडे पाहिलं.

नातू सम्राट. पुण्याहून एमबीए करून आलेला आणि कुठल्या धंद्यात पडावं याचा विचार करत असलेला. महिना-दोन महिन्यांत त्याने राजारामपुरीत गाळा घेऊन 'चिरतरुण पेशी-वय केंद्र' उघडलं. रक्त इथे काढायचं, मोजमाप लांबच्या कुठल्या तरी लॅबमध्ये, आणि सोनेरी कडेचा दाखला पुन्हा इथे छापायचा. उद्घाटनाला पहिलं रक्त तात्यांचं. दाखल्यावर वय आलं, एकोणसाठ.

तात्यांनी मला ऑफिसात बोलावून दाखला पुढे सरकवला. वार्षिक सभेत वयाच्या कलमात जन्मतारखेऐवजी पेशी-वय धरण्याचा विषय येणार होता आणि त्यांना शास्त्र समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. मी स्पष्ट सांगितलं की या आकड्यावरून कुणाचं वय ठरत नाही. कुणाच्या दशा जन्मतःच लांब असतात, कुणाच्या आखूड. विशीतल्या पोराच्या दशा सत्तरीतल्या माणसापेक्षा आखूड निघू शकतात. तात्यांनी मीठ कमी करायचा डॉक्टरचा सल्ला ऐकावा तसं सगळं शांतपणे ऐकलं.

"खोटं बोल म्हंतोय व्हय मी?" ते म्हणाले. "माज्या दशा लांब हायत का न्हाईत? कागदावर हायत. तेवढं सांग की पोरी. तुजी कायमची ऑर्डर मी सचिव महांतेशला टाईप कराय सांगतो."

मी विचार करते म्हणाले. खरं तर विचार कसला, जिना उतरतानाच मी वाक्य जुळवायला लागले होते. तात्यांच्या दशा लांब आहेत, हे कागदाप्रमाणे खरं होतं. तेवढं आधी म्हणायचं, मग 'पण' म्हणायचं, आणि पणच्या पुढे सगळं शास्त्र ओतायचं. तात्यांचाही शब्द राहील आणि माझाही. लांब दशा म्हणजे काही आशीर्वाद नव्हे, कॅन्सरची पेशीसुद्धा ते विणणारं एन्झाइम चालू करते आणि दशा संपू न देता वाढत बसते, हेही मी त्यात घातलं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. आपण फार हुशार आहोत असं वाटून त्या दिवशी मी घरी बासुंदी केली.

आता आमच्या वार्षिक सभेची रीत सांगायला हवी. मंडपाच्या मागे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला उकळी फुटलेली असते आणि वारा सभासदांकडे वाहत असतो. सचिव विषय वाचायला लागतात. त्यांचं वाक्य क्रियापदाशी पोचायच्या आत मागच्या रांगा "मंजूर, मंजूर" म्हणून ओरडतात. विरोधक "नामंजूर" म्हणून ओरडतात. ज्यांचा घसा मोठा त्यांचा ठराव. हात वर करून मोजणी वगैरे पुण्याकडे करतात. त्या वर्षी मल्लाप्पा कुरुंदवाडहून दोन गाड्या भरून घसे घेऊन आले होते आणि मंडपाची डावी बाजू त्यांनीच भरली होती. 'नामंजूर'ची तयारी पक्की होती.

विषय आला. सचिव महांतेशने तो वाचला आणि म्हणाला, आता शास्त्रीय बाजू मॅडम सांगतील. मी माईकशी उभी राहिले. समोर तात्या, बाजूला मल्लाप्पा. दोघेही माझ्याकडे इतक्या आशेने पाहत होते की क्षणभर मला दोघांचीही दया आली.

"सोनेरी दाखल्यानुसार तात्यांच्या दशा लांब आहेत," मी म्हणाले, आणि श्वास घेतला.

मी 'आहेत' म्हटलं होतं. पण माईक आमच्याच संस्थेचा, तो शेवटचं अक्षर गिळतो. सभेने ऐकलं, "तात्यांची दशा लांब आहे." इतिहासात ध चा मा करायला निदान लेखणी लागली होती. इथे नुसता एक 'त' गळाला, 'च्या'चं 'ची' सभेने आपलं आपण करून घेतलं. धाग्यांचं अनेकवचन गेलं आणि ग्रहांचं एकवचन आलं.

डाव्या बाजूला एकदम शांतता पसरली. मल्लाप्पांचा चेहरा उतरलेला मला माईकपाशी उभ्या उभ्या दिसला. कॉलेजातली शिकलेली बाई, पीएच.डी. झालेली, भर सभेत सांगते आहे की या माणसाची दशा अजून लांब आहे. आता अशा माणसाशी वाकडं घेऊन आपल्या राशीला शनी कोण बोलावून घेणार? शेजारच्याला मल्लाप्पा म्हणाले ते मला ऐकू आलं. "दशा चालू हाय तवर गप बसायचं. आपला गुरू बदलू दे." आणि मग मान आणखी कलवून सगळ्यात आधी तेच ओरडले, "मंजूर."

मंडप हादरला. उजवीकडून मंजूर, डावीकडून मंजूर. मी "पण" म्हणाले. पुन्हा "पण" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा खुर्च्या सरकत होत्या आणि माणसं पंगतीकडे निघाली होती. वाढप्याने माझ्यासमोरचा माईक काढून घेतला, कारण त्याला मटणाची पहिली पंगत जाहीर करायची होती. कॅन्सरच्या पेशीबद्दल मी जे तयार केलं होतं ते कोल्हापुरात आजवर कुणी ऐकलेलं नाही.

त्या रात्री मला वाईट वाटलं का? थोडं. पण त्याहून जास्त मला ऑर्डरची वाट पाहावीशी वाटली, आणि जे आहे ते मी सांगते आहे.

ठरावाचा मसुदा करायचं काम महांतेशकडे. नेसरीचा हा माणूस अतिशय सरळ, न्यायी आणि नीटनेटका, म्हणजे संस्थेच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक. एकट्या चेअरमनसाठी ठराव केला तर लोक नावं ठेवतील, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने लिहिलं की संस्थेचे पदाधिकारी, शिक्षक व सेवक या सर्वांचं वय यापुढे पेशी-वयाच्या दाखल्याप्रमाणे धरलं जाईल. सम्राटला ही भाषा फार आवडली. सगळ्या संस्थेचं रक्त त्याच्या गाळ्यात जाणार होतं.

पहिला बळी मल्लाप्पांचा गेला. जन्माने एकाहत्तर, दाखल्याने अठ्ठ्याहत्तर. ज्या कलमावर त्यांनी तात्यांसाठी जाळं विणलं होतं त्यात ते स्वतःच सापडले. पण त्यांनी ना तात्यांना बोल लावला, ना सम्राटला. शनिवारी तेल घालायला सुरुवात केली आणि साडेसाती संपली की परत येतो, असं सांगून कुरुंदवाडला गेले.

तात्यांनी शब्द मात्र पाळला. पुढच्याच महिन्यात महांतेशने मला ऑर्डर दाखवली. 'भैरवी' हे माझं नाव आणि 'कायमस्वरूपी' हा शब्द एका ओळीत मी पहिल्यांदा पाहिले. मी ती ओळ वाचत राहिले. डोळे भरून आले आणि त्याची मला लाज वाटली नाही. सासूबाईंनी पेढे आणायला सांगितले. सोबत जोडायचा एकच कागद राहिला होता, पेशी-वयाचा दाखला. सम्राटच्या गाळ्यात दंड पुढे करताना मला हसू येत होतं.

दाखल्यावर वय आलं, एकसष्ट.

महांतेश स्वतः घरी आला. चहा त्याने तसाच ठेवला. त्याला खरोखर दुःख झालं होतं.

"अक्का," तो म्हणाला, "आपल्याकडं रिटायरमेंट अठ्ठावनला हाय. तुमची तीन वर्सं जास्तच झालीत. पण त्याची वसुली करायची न्हाई असं तात्यांनी मोठ्या मनानं सांगितलंय."

कायम व्हायच्या आत मी निवृत्त झाले होते. मला राग आला, इतका की मी महांतेशचा गार चहा उचलून स्वतःच प्यायले. आणि रात्री एक गोष्ट झाली जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. दिवा लावून मी आरशात चेहरा पाहिला. या आकड्याला अर्थ नाही, हे सगळ्या जिल्ह्यात सर्वांत नीट मला माहीत होतं. तरी मी डोळ्यांखालचं काळं बोटाने ताणून पाहत होते आणि मनात म्हणत होते, इतकी वर्षं घंटेवर जगल्यावर एकसष्ट होणारच की.

सकाळी मी तात्यांकडे गेले. सोबत मी शोधनिबंध नेले होते. मी सांगितलं की एकाच रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन आकडे येतात, मोजण्यातच इतकी चूक असते की वीस वर्षं इकडची तिकडे होतात, माझ्या आईच्या दशा आखूड असतील तर माझ्याही असणार आणि तरी आम्ही दोघी ठणठणीत असू शकतो. मला बोलताना थांबता येत नव्हतं. पणच्या पुढचं राहून गेलेलं सगळं बाहेर पडत होतं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते बेरकी होते, मूर्ख कधीच नव्हते.

"म्हंजे ह्यो कागद खोटा?" त्यांनी माझ्या दाखल्यावर बोट ठेवलं.

"हो."

"मग माजा बी खोटा."

मी हो म्हणणार होते. तोंडही उघडलं होतं. पण तात्यांचा आवाज चढला नव्हता, उलट मऊ झाला होता. त्यांना वाद घालायचा नव्हता. ते आपला एकोणसाठचा आणि माझा एकसष्टचा दाखला शेजारी ठेवून पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक आदर उमटत होता. त्यात कपट नव्हतं. तात्या त्या कागदावर मनापासून विश्वास ठेवून बसले होते, हे मला तेव्हा कळलं. कपटी माणसाशी मला भांडता आलं असतं.

ते खुर्चीतून उठले. संस्थेच्या कुणासाठी त्यांना उठताना मी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली, टेबलाला वळसा घालून आले, आणि शहात्तरीकडे निघालेला तो तालमीतला माणूस गुडघ्यावर हात देऊन खाली वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला.

"थोरल्या हायसा तुमी," ते म्हणाले. "आशीर्वाद द्या. अजून लई वर्सं काम करायचं हाय."

आमच्या घरात कुणी पाया पडलं की त्याला रिकाम्या तोंडाने उठवत नाहीत. माझा हात आपोआप त्यांच्या टोपीवर गेला.

"औक्षवंत हो, तात्या," मी म्हणाले.